उतरता काठ

कराड स्टँडवर कडेगावच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा मुलगा बोलत होते.

"आये, आपली वाळू-खडीची खाण बंद झाली. आता त्या खड्ड्यात पाणी साठवू, मासं सोडू."

"आन् काठाचं काय, रविराज? भिंतीवानी सरळ हाय. माझी मेंढी तळातल्या पावसाच्या पाण्याला गेली, ती वर आलीच न्हाई."

"तारंचं कुंपण घालू की."

"तान्हेल्या जनावराला कुंपण कळत न्हाई. काठ उतरता कर, वर गवत पेर."

"त्याला लय माती लागंल."

"खाण काढताना वरची माती बाजूला रचलीया, ती घाल."

"ती वीटभट्टीवाल्याला द्यायची ठरलीया."

"कुणी ठरवलं? रान माझ्या नावावर हाय."

"म्या शब्द दिलाय, आये."

"मग माघारी घे. न्हाईतर मी ढिगावर बसते. आदी मला उचला, मग माती उचला म्हणावं."

"एवढ्या मातीत सगळा काठ व्हणार न्हाई."

"एका बाजूचा तर व्हईल? जनावराला चढायला एक वाट बास हाय."

मग मुलानं वीटभट्टीवाल्याला फोन लावला.

"भाऊ, मातीचं जमणार न्हाई. व्हय, आईच म्हणतीया. आन् तुमचा जेसीबी भाड्यानं मिळंल का?"

"उद्या सकाळीच पायजे म्हणावं."