चौथ्या दिवसाचा फॉर्म

"हॅलो?… हॅलो… हां, आता येतोय आवाज. बोला सोनमताई. मी रविनाच… नाही नाही, हलत नाही. फोन मेढीला टांगलाय. अख्ख्या घरात इथंच रेंज, एक पाऊल सरकलं की गेला."

पाड्यावरची ही रीतच. स्पीकर लावून फोन मेढीला, घराच्या मधल्या खांबाला, लोंबकळत ठेवायचा आणि माणसानं त्याच्यापुढे उभं राहायचं. चार दिवसांची बाळंतीण उभी आणि फोन आरामात! सोनमताई शहाद्याच्या. नव्या बाळांना काय काय बाधतं, यावर संशोधन करणाऱ्यांकडे कामाला. रविनाचं नाव त्यांच्या वहीत पाचव्या महिन्यापासून होतं.

"चौथ्या दिवसाचा फॉर्म ना? विचारा… मुलगी. घरीच झाली. दवाखान्याची गाडी नाल्यापलीकडे येऊन थांबली, पण हिला कुठला धीर!… वजन? तुम्ही दिलेल्या काट्यावर अडीच किलो… चूल घरातच. धूर? आहे की. 'खूप' लिहा… बिडी? सासरे ओढतात, पण बाहेर… हळू बोला ताई, बिडी शब्द सासूबाईंना कळतो. बाकी मराठी फारशी नाही कळत."

दारात बसलेल्या सासूनं, जमनाबाईनं, बिडी ऐकून मान वर केलीच. सुनेनं पावरीत, घरच्या बोलीत, सांगितलं, काही नाही, दवाखान्याची बाई चौकशी करतेय. म्हातारी पुन्हा नातीला थोपटू लागली.

"हो, ऐकतेय… दूध? कालपर्यंत पीत होती. आज सकाळपासून तोंडच लावत नाही. झोपते नुसती. सासूबाई म्हणतात गुणाची पोर, रडत नाही… लाळ? गळते. पुष्कळ… घाम… हो, डोकं ओलंचिंब आहे… हात उचलला की खाली पडतो… ताई? गप्प का झालात? अहो ताई?"

रविना बारावी झालेली, पण समोरच्याचं असं गप्प होणं कळायला शाळा लागत नाही. तिनं सासूकडून पोर घेतली.

"डोळे? थांबा… बुबुळ काळंच आहे. मधला ठिपका? दिसत नाही हो… आहे, आहे. खसखशीएवढा… अंधारच आहे घरात… म्हणजे अंधारात मोठा दिसायला हवा?… फवारणी? आमचे हे करतात ना, गोकुळ. लोणखेड्याकडे, पपईच्या बागेत. पण घरात औषध ठेवत नाहीत. डबा नाही, पंप नाही, शपथ… हिचे कपडे? आमच्यात पाचवीपर्यंत नवं कापड घालत नाहीत. बापाचं जुनं गुंडाळायचं, म्हणजे बापाची राखण राहते. पोर झाल्याचं कळलं तसे हे धावत आले, गळ्यातला रुमाल काढून दिला, दुसऱ्या दिवशी कामावर परत… कुठला म्हणजे? तोच, फवारताना तोंडाला बांधतात तो. रोज धुतात, म्हणून तर एवढा मऊ…"

बोलता बोलता तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. ती खूप घाबरली.

"काढते! आत्ता काढते… साबण आहे. कोमट पाणी. हो, बगला, मानेच्या घड्या… रुमाल वेगळा पिशवीत, तपासायला… दवाखान्यात? ते कसं जमेल? पाचवी उद्या आहे. त्याआधी बाळंतीण उंबरा ओलांडत नाही… अहो, मला कळत नाही का? पण घराला दार एकच आहे, ताई, आणि त्या दारात सासूबाई बसल्यात!… थांबा. ठेवू नका हं. ठेवू नका."

तिनं पावरीत सगळं सांगितलं. जमनाबाई कडाडली. बापाच्या कापडात कुठं विष असतं का? गोकुळही बापाच्याच कापडात वाढला, सागासारखा झाला. रविनानं पोरीचा हात उचलला आणि सोडला. हात पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला.

म्हातारीनं पोर मांडीवर घेतली. मग तिनंच रुमाल सोडला, पोरीला साबणानं चोळून धुतलं, कोपऱ्यात दिवा लावला आणि चिमूटभर तांदूळ टाकून पाचवी उरकली. देवी काही बोटांवर दिवस मोजत बसत नाही, म्हणाली.

"हॅलो, आहात ना?… धुतली. दोनदा. रडली, ताई! बारीक आवाजात, पण रडली… पाचवी झाली. आजच. सासूबाईंनीच केली… गाडी नाल्यापाशी येतेय? तुम्हीही आहात गाडीत? शेजारचे डोंगरसिंगमामा मोटारसायकलवर तिथवर सोडतात. निघालोच… अजून काय? लवकर विचारा… हिच्या आधीचं? ते तुमच्या पहिल्या फॉर्मात आहे ना. मुलगा. गेल्या वर्षी, आठव्या दिवशी गेला… त्याला? त्याला कशात गुंडाळलं…"

रविनानं पिशवीतल्या रुमालाकडे पाहिलं.

"…हो. तोच. दुसरा कुठं आहे यांच्याकडे?… त्यानंच गेला असं पक्कं सांगता येत नाही म्हणता ना? मग नका सांगू. फॉर्मात लिहा, हवं तिथं लिहा. पण गाडीत सासूबाईंसमोर बोलू नका. पाया पडते, ताई. त्याला त्यांनीच गुंडाळलं होतं. सारखं सुटायचं, सारखं बांधायच्या."

बाहेर जमनाबाई नातीला स्वतःच्या लुगड्याच्या पदरात घेऊन उभी होती. ती बाई आता काय विचारतेय, तिनं हाक मारून विचारलं.

पोरीचं नाव विचारतेय, रविना म्हणाली.

त्याचं तर ठेवायचंच राहून गेलं, म्हातारी म्हणाली. हिचं दवाखान्यात पोचेपर्यंत ठरवू.

"…हॅलो? हो, आहे मी, ताई. काही नाही. येतोय आम्ही. बंद करते."