गाडीत शिरलेला पोल्ह

हॅलो?

हॅलो… वीदा? हो, मीच. टोंचकाच बोलतेय, माझ्या फोनवर दुसरं कोण बोलणार?… तुझा आवाज तुटतोय गं. खिडकीपाशी जा. वृद्धाश्रमाच्या त्या बोळात रेंज नसते, किती वेळा सांगितलं… हं. आता येतोय. बोल.

नाही, पोचत नाहीये. निघाले होते. म्हणजे निघाले, आणि… अगं ऐक ना आधी!

बाबा काय करतायत?… अजून टोपी घालूनच? न्याहारीपासून?… जेवतानाही नाही काढली?… मग आता काय काढणार! तू ओढायला जाऊ नकोस हं. विसरलीस का, ती पोल्हाच्या कातड्याची टोपी जंगलात जाताना चढते आणि घरी परतल्यावरच उतरते. मधे नाही. आईनं कमी का डोकं फोडलं त्यावरून? ‘या माणसाच्या टकलावर पोल्हांची कातडी उगवलीयत’ म्हणायची… हं, हसलीस. हसून घे.

गाडी बंद पडलीये, वीदा.

हॅलो? आहेस ना?

लाकडाच्या वखारीच्या पुढे, वळणावर. तिथून बीचची झाडं सुरू होतात ना, अगदी तिथेच… हो, बाबांचीच गाडी, दुसरी कुठली आहे माझ्याकडे?… पेट्रोल आहे गं! म्हणजे काट्यावर विचारशील तर टाकी फुल आहे, सकाळपासून फुलच दाखवतोय तो मेला. काट्याचं काय घेऊन बसलीस, सकाळी किल्ली फिरवली तर समोरचे सगळे दिवे एकदम पेटले, नाताळ आल्यासारखे. डावीकडचा इंडिकेटर द्यायला गेले तर वायपर नाचायला लागले. ब्रेक दाबला की हॉर्न! पाय उचलला की गप्प, दाबला की परत हॉर्न. शेजारची म्हातारी दारात येऊन म्हणते, कुणाचं लग्न आहे?

हो, मलाही आधी बॅटरीच वाटली. चार्जिंगला लावून बसले सकाळभर. तोच वेळ गेला गं… तेव्हाच बॉनेट उघडलं असतं तर… पण मला काय कळतं त्यातलं? उघडायचं कसं तेही माहीत नाही, मी नुसतं पाणी घालणारी.

मग सिल्वोला बोलावलं. हो, गॅरेजवाला सिल्वो. त्यानं बॉनेट उघडलं आणि शिट्टी मारली. वायरिंगचा अख्खा जुडगा कुरतडलेला. वरचं प्लास्टिक सोलून काढलंय आणि आतलं तांबं उघडं. वीदा, एक वायर तर सापडतच नाहीये, नेली कुठेतरी बिळात. आणि इंजिनावर अक्रोडाची टरफलं. ढीगभर…

उंदीर? उंदीर कसले! पोल्ह! आपले झुबकेदार शेपटीवाले, दुसरे कोण. खारीएवढा एक जरी शिरला तरी रात्रीत…

हसू नकोस. मला माहितीये ते. जन्मभर ज्यानं पोल्ह पकडले त्याचीच गाडी पोल्हांनी खाल्ली. सिल्वोपण तेच म्हणाला. आणि जंगलात जाऊन सगळ्यांना तेच सांगत असेल आत्ता.

हो, गेला की तो! दुपारीच. दोन वायरी जोडून दिल्या, टेप गुंडाळली, म्हणाला हळूहळू चालव, गाणी लावू नकोस, दिवे लावू नकोस, मिळाली तर सोमवारी नवीन वायरिंग टाकू. आणि पळाला. पोल्ह पकडायच्या सीझनचा पहिला शनिवार आहे, वीदा. आज गावात कोण थांबणार? सगळे वर जंगलात गेलेत, सगळ्यांच्या गाड्या वर, अंगणं रिकामी पडलीयत. पाद्रीबुवांची गाडीसुद्धा नाही जागेवर. आणि वर एकाचाही फोन लागत नाही. मी पंचवीस… मी कितींना लावून पाहिलं.

टॅक्सी? इथे?… टॅक्सीवाला पोस्टोयनाला लग्नात आहे, भाच्याच्या. त्यालाही लावला फोन. मागून बँड वाजत होता, त्याला वाटलं मी शुभेच्छा द्यायला केलाय.

शनिवारी दुपारनंतर बस नसते. तू सकाळच्या बसनं आलीस म्हणून तुला वाटतं सारख्याच येत असतात.

अगं तुला गाडी चालवता येत असती ना… नाही, टोमणा नाही मारत. खरंच नाही. तुझी चूक नाहीये यात काहीच.

तुझा बोरिस उद्या सकाळीच येणार ना, तुम्हाला न्यायला?… आठला. हं… वीदा, एक विचारू? एक दिवस थांबता येणार नाही? उद्या संध्याकाळी मी कसंही करून त्यांना जंगलात नेते… सिल्वोची गाडी मागते, त्याच्या पाया पडते… खोली? आश्रमातली खोली रिकामी करायची उद्या? पण असं कसं लगेच… दुसरे आजोबा येतायत. बरं. आणि बोरिसची सोमवारी ड्यूटी. हो. नाही, बरोबर आहे… नाही, माझ्या घरी नाही जमणार, जिना आहे, तुला माहितीये. मागच्या वेळी पडले तेव्हा कसे पडले ते मी पाहिलंय. मला झेपलं असतं तर मी कशाला त्यांना तुमच्याकडे समुद्रावर जाऊ दिलं असतं… तुमच्या इझोलाबद्दल वाईट नाही बोलत गं. समुद्र चांगलाच असतो. पण तिथे बीचचं एक झाड तरी आहे का?

बोरिसला सांग, सासरे पोल्हाचा रस्सा मागायला लागले तर तोंड वाकडं करायचं नाही. त्याच्या ताटातले मासे डोळे वटारून बघत असतात ते चालतं… हो, हो, सांग माझ्या नावानं. मला काय भीती आहे त्याची.

काय?… नाही, मला नाही माहीत ते गाडीत का आले.

अं… अक्रोडाच्या झाडाखाली लावली होती ना, म्हणून असेल.

दरवर्षी तिथेच लावते, हो… हो, दरवर्षी कधी आले नाहीत…

वीदा, ऐक. बाबांना लगेच सांगू नकोस. मी आमिष घरीच लावलं होतं.

काल संध्याकाळी. सगळ्या सापळ्यांना. स्वयंपाकघरात बसून सफरचंदाच्या फोडी केल्या, तेलात बुडवल्या, वर प्लमच्या दारूचा हात फिरवला, बाबा करतात तश्शाच. सापळ्याच्या एकेका पेटीत लावल्या आणि सगळ्या पेट्या गाडीत मागे रचून ठेवल्या. दारूचा वास भरायला लागला म्हणून काच थोडी खाली ठेवली. झालं. पाहुण्यांना बोलावणंच धाडलं मी. इंजिनावर माझी एक फोड सापडली वीदा, बॅटरीवर नीट ठेवलेली. थोडी कुरतडून उरलेली मागे ठेवली होती, उद्याला म्हणून.

माहितीये गं मला! आमिष झाडाखालीच लावायचं, घरी कधी नाही. लहानपणापासून ऐकलंय. तू जंगलात यायची नाहीस, मीच जायची त्यांच्याबरोबर, मला शिकवतेस?… मग का लावलं म्हणजे?

त्यांचा हात, वीदा. तू पाहिलास ना, सूप पिताना? चमचा तोंडापर्यंत येईस्तोवर रिकामा होतो. आणि वर सगळे असणार. सिल्वो, त्याचा बाप, वखारीतले सगळे, जे अजून त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात. त्यांच्यासमोर बाबांच्या हातून फोड निसटून पडली असती तर… मला बघवलं नसतं. म्हटलं, सगळं तयार नेऊ. त्यांनी नुसतं बसायचं, टोपी घालून, आणि आपण पेट्या टांगायच्या. मी चांगलंच करायला गेले होते गं. चांगलं करायला गेले आणि शेवटची संध्याकाळ घालवली त्यांची.

ओरड ना. ओरडलीस तर बरं वाटेल मला.

… हं.

नाही, ‘जाऊ दे’ म्हणू नकोस.

हो. दे त्यांना फोन. मीच सांगते. नाही, मीच सांगायला हवं… कानाचं यंत्र घातलंय ना त्यांनी? बरं. दे.

हॅलो… बाबा? बाबा, मी टोंचका… टोंचका! हो… नाही, कोपऱ्यावर नाही आले. बाबा, मी येत नाहीये… येऊ शकत नाही. गाडी बंद पडली… वखारीच्या वळणावर. हो, बीचच्या झाडांपाशी… वायरी कुरतडल्या. पोल्हांनी.

हॅलो?… खोकताय का हसताय?

हसताय… हो, हो, तुम्ही इतकी वर्षं त्यांना खाल्लंत, आता त्यांनी तुमची गाडी खाल्ली. फिटंफाट झाली म्हणे! बाबा, हसू नका ना, मला रडायला येतंय… आमिष मी घरीच लावलं होतं, म्हणून आले ते. काल संध्याकाळी. सफरचंद… तुमचंच, अंगणातलं. हो, तेल घालून… पातळ नव्हत्या हो फोडी!

का म्हणजे… तुमचा हात थरथरतो म्हणून. सगळ्यांसमोर पडलं असतं तर… मला वाटलं…

काय म्हणालात?

‘पडलं असतं तर उचललं असतं.’

… हो, बाबा.

हो. उचललं असतं. बरोबर. मला सुचलंच नाही हो. मी तुमच्याऐवजी लाजत बसले… नाही, तुम्ही रागावा, मला चालेल… रागावला नाहीत? मग?… हो, इथे अंधारायला लागलंय. खाली खोऱ्यात अजून उजेड आहे, झाडांत नाही… वारा नाही. थंडी आहे थोडी… बीचला दाणे? खूप! सगळा रस्ता भरलाय, चाकाखाली करकर वाजत होते. हो, चांगलं वर्ष आहे. मीही तेच म्हटलं सिल्वोला, पोल्ह माजलेत यंदा… हो…

थांबा.

थांबा बाबा, गाडीत काहीतरी वाजतंय… नाही, इंजिन बंद आहे. किल्ली माझ्या हातात आहे. एखादी वायर सुटली की काय… डॅशबोर्डमधून येतंय. खर्रर्र असं… आता थांबलं… परत. बाबा, हे वायरिंग नाही.

आत आहे तो! डॅशबोर्डच्या मागे! दिवसभर झोपला होता की काय आत? मी त्याला घेऊन गाडी चालवत आले!… खरंच सांगते, ऐका… तोच आवाज, घोरतोय आणि भांडतोय एकदमच, तुम्ही नक्कल करायचात ना… हो, म्हातारा वाटतोय. जाड आवाज आहे.

काय?… ऐकायचंय?

बाबा, फोनवरून येईल का पण… बरं. बरं, थांबा, फोन तिथे हवेच्या जाळीपाशी धरते. मी बोलणार नाही आता. तुम्ही ऐका. बोलला नाही तर थोडं थांबा, मी हलणार नाही.

…

…

थोडं थांबा हं.

…

येतोय का आवाज? बाबा?… बाबा, ऐकू आलं?

हॅलो?… बाबा?

कोण, वीदा?… बाबांनी तुझ्या हातात दिला फोन? का?… नुसताच दिला?… वाईट वाटलं का गं त्यांना? मी उगाच… रडले का?… नाही? मग करतायत काय?

काय काढली?

… टोपी?

तू काढलीस?… शपथ?… स्वतःहून. हं. हं… आणि ठेवली कुठे?… मांडीवर. आणि सूप मागतायत… गरम.

दे की मग, वाट कसली बघतेस? जंगलातून आल्या आल्या गरमच लागायचं त्यांना, आई चुलीवरून उतरवायचीच नाही पातेलं… हो. आणि चमचा त्यांच्याच हातात दे. सांडू दे. तू भरवायला जाऊ नकोस. सांडलं तर पुसता येतं गं.

नाही, रडत नाहीये… बरं, रडतेय. मला न्यायचं होतं वीदा त्यांना. खरंखुरं. झाडाखाली. हे असं फोनवरून नाही.

उद्या आठच्या आत मी येते, चालत यावं लागलं तरी येते. बोरिसला थांब म्हणावं पाच मिनिटं… नाही, आत्ता घरी जात नाही. बसते थोडा वेळ… हो, स्वेटर आहे… हीटर कुठला चालू, इथे एक दिवासुद्धा लागत नाहीये, चार्जरही बंद. फोनही संपत आलाय माझा.

हो, अजून बोलतोय तो. ऐकू येतोय तुलाही?… हाकलू? कशाला हाकलू? बसू दे. आता मला तरी कुठे जायचंय.

जा तू. सूप निवेल त्यांचं. ठेवते.