पंगत नसलेला सण

बायांनो, भाऊंनो, कवडूले जाऊन आज तेरावा दिवस. तळ्याच्या पाळीवर सारं गाव जमलं. कवडू माझा मावसभाऊ. एका डोंग्यात बसून जाळं टाकलं आम्ही. म्हणून पंचांनी मले बोलायले उभं केलं. पण बोलू कोणत्या तोंडानं?

त्याचं म्हणणं काय होतं? सण करा, चुलीभोवती करू नका. दिवाळीमागच्या मंडईच्या जत्रेले पंगत नको, दंडार ठेवा. ज्यानं त्यानं घरी जेवावं आन मैदानात येऊन नाच-गाणं पाहावं. पंगतच नाई, तर कोणाले दूर बसवान? निवडणुकीले आपण सारे मतं द्यायले उभे होतो, तेव्हा मले म्हणे, "दादा, मत एका रांगेत चालते, मंग भात काऊन नाई चालत?" मी हसलो. तुम्हीही हसले. 'उपाशी सणवाला' हे नाव आपणच ठेवलं ना त्याले?

मंग त्याच्या पोरीचं, गंगीचं लगन आलं. हळद केली, डफ आणले, दंडार ठेवली. पंगत नाई. कोण गेलं होतं? सांगा ना! वेशीबाहेरची घरं गेली. सवयीनं मांडवाबाहेर उभी राह्यली, तर त्यानं हाताले धरून समोर बसवली. आपण घरात बसून डफ ऐकत होतो. मी सख्खा मावसभाऊ, मीही.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर भेटला. जाळं झटकता झटकता म्हणे, "गंगी तुमच्या रस्त्याकडं पाहत होती, दादा." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जाताना पोराले सांगून गेला, माझी तेरवी जेवू घालू नको, दंडार कर. आन आपण? लोक काय म्हणतील म्हणून त्या पोराच्या मागं लागलो. वडे तळून झाले. पत्रावळी मीच मांडल्या. तीन पंगती. तिसरी पाळीच्या खाली, वेशीबाहेरच्या घरांची. आता लाज वाटून राह्यली मले. मांडताना नाई वाटली.

उभे राहा. जो जिथी आहे तिथीच, ज्याच्या बाजूले आहे त्याच्याच बाजूले. वाढणाऱ्यांनो, तुम्हीही हात थांबवा. कवडूले पायजे होता तो सण दोन मिनिटं करू. त्याच्याहून जास्त आपली ऐपत नाई.

मंग जा, जेवा.