चौदा आणे नजर

तुम्ही टक्क्यांचा विषय काढला म्हणून माझ्या बायकोचं, कौसल्येचं आठवलं. मोतीबिंदूमुळं दोन वर्षं तिला माणसं धूसर दिसायची. शेवटी परतूरहून जालन्याला नेऊन ऑपरेशन केलं. पट्टी सोडायच्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

डॉक्टरांनी तिला माझ्यासमोर बसवून विचारलं, "मावशी, किती टक्के दिसतंय?"

"टक्के मला कळत न्हाईत, भाऊ."

मी हळूच म्हणालो, "साहेब, आमच्याकडं पीक आण्यात सांगतात. भरघोस आलं की सोळा आणे, निम्मं आलं की आठ. तिला तसं विचारा."

डॉक्टर हसले. "बरं मावशी, आण्यातच सांगा."

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बराच वेळ न्याहाळलं.

"चौदा आणे."

"म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के," असं म्हणत डॉक्टर बॅटरी घेऊन तिच्या डोळ्यावर वाकले. "दोन आणे कुठं कमी पडले?"



"नजर सोळा आणे हाय, भाऊ," ती म्हणाली. "ह्यांचंच अंग दोन आणे कमी झालंय. मला दिसत नव्हतं, तर ह्यांनी जेवण सोडलं व्हतं का काय?"