मुखपृष्ठावरच्या सासूबाई

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर विराजमान आमचे प्रकाशक आणि प्रमुख पाहुणे, छपाई आणि बांधणी खात्यातले सहकारी, रसिक वाचकहो, पहिल्या रांगेत ताठ बसलेल्या माझ्या सासूबाई, आणि ज्यांना खऱ्या नावानं हाक मारलेली मी तरी कधी ऐकली नाही, ते आजचे उत्सवमूर्ती कुंचलेकाका! सर्वांना नमस्कार.

संयोजकांनी मला बजावलं आहे, "कादंबरीकार आहात, पण थोडक्यात बोला." प्रयत्न करते.

काकांनी आयुष्यभर अद्भुत कथांची मुखपृष्ठं रंगवली. पण कशी, ते ठाऊक आहे? माणूस चिडलेला पाहिल्याशिवाय ते त्याचा चेहरा काढत नाहीत. म्हणतात, "हसताना सगळे सारखेच दिसतात हो. चिडला की माणूस स्वतःसारखा दिसतो." म्हणून तर बांधणी खात्यातल्या साहेबांची कात्री ते मुद्दाम लपवायचे. साहेब, पाताळाचा द्वारपाल म्हणून आपण किती घरांत पोचला आहात, कल्पना आहे? हसू नका, अध्यक्ष महोदया. आपणही एकदा जलराणी झाला आहात.

माझ्या चेटकिणीच्या कादंबरीचा पहिला भाग त्यांच्याकडे गेला, तेव्हा मी अगदी नवखी. मला वाटलं, चित्रकार हस्तलिखित वाचतो, डोळे मिटतो आणि चित्र अवतरतं. प्रत्यक्षात काका पेन्सिल घेऊन आमच्या घरी आले आणि विचारते झाले, "तुमच्या ड्रॅगनचे पंख मिटतात कुठून?"

आता काय सांगणार? पानंच्या पानं मी त्याला उडवला होता, मिटवला कधीच नव्हता. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, दारामागची छत्री उचलली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि एक काडी हळूच उलटी वाकवून पाहिली. ती मोडली. छत्री सासूबाईंची होती.

त्यानंतर सासूबाई जे बोलल्या ते या सभेत सांगण्यासारखं नाही. काका मात्र शांत. पेन्सिल चालूच. मध्येच एकदा म्हणाले, "जरा खिडकीकडे तोंड करून बोलता का?"

मग कच्ची चित्रं आली. वरचं आकाश त्यांनी रिकामं ठेवलं होतं. "ही जागा पुस्तकाच्या नावाची. इथे माझा ढगसुद्धा येणार नाही." ड्रॅगनची शेपटी पुस्तकाच्या कण्यावरून वळून मागच्या बाजूला गेली होती. चेटकिणीला फक्त चेहरा नव्हता. "तो शेवटी," काका म्हणाले. मी भोळी, मान डोलावली.

पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर सासूबाई! केस मोकळे, डोळ्यांत जाळ, हनुवटीवरचा तीळसुद्धा जागच्या जागी. मागे ड्रॅगन, छत्रीच्या काड्यांसारखे पंख पसरून.

हे घरी दाखवायचं कुणी? नवरा म्हणाला, "आई तुझीपण आहे." मी सगळ्या प्रती कपाटात पांघरुणांमागे दडवल्या. आणि नेमकी त्याच आठवड्यात थंडी पडली. सासूबाई पांघरूण काढायला गेल्या आणि हातात पुस्तक घेऊन बाहेर आल्या. चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी पुस्तक उलटलं, मागचा माझा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "तू मागे, तीही एवढीशी. मी पुढे."

तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी पुस्तकातला तीळ दाखवतात, मग स्वतःचा. खरं सांगू? त्याआधी आम्ही दोघी एका घरात नुसत्या वावरत होतो. गप्पा मारायला लागलो त्या या पुस्तकामुळे. काका, तुमचे हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत.

आता तिसरा, शेवटचा भाग लिहून झाला आहे. चेटकीण म्हातारी झाली आहे. मी काकांना फोन केला, तर म्हणाले, "हात थरथरतो गं. रेघ धड येत नाही. दुसरं कुणी बघ." त्यापाठोपाठ या निरोप समारंभाचं निमंत्रण आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुसऱ्या कुणाच्या हातची चेटकीण मला नको आहे.

सासूबाईंनी विचारलं, मी सांगितलं. हल्ली त्यांची मान सारखी हलते, हे पहिल्या रांगेतल्यांना दिसतच असेल. त्या म्हणाल्या, "त्यांचा हात हलतो, माझी मान हलते. जमेल आमचं."

तेव्हा आपण सर्वांनी इतकं ऐकून घेतलंत, आभारी आहे. कौतुकाच्या भरात कुणाची जास्तच थट्टा झाली असेल, तर पोटात घाला. आई, तुम्हीही घाला, निदान घरी पोचेपर्यंत.

आणि काका, आजचा निरोप रीतसर घ्या. उद्या सकाळी सासूबाई तुमच्या दारात येणार आहेत. नाही म्हणायचं असेल तर तुम्हीच त्यांना सांगा, त्यांना नाही म्हणायची हिंमत माझ्यात नाही. नवी छत्री घेऊन येताहेत. मोडली तरी चालेल म्हणाल्या.