खुर्ची तीच, शिंपी निराळा

शिंपी : मी मेलेलो नाही. फक्त बंद झालोय.

बायको : खड्ड्यात चप्पल पडलीय कुणाची तरी. लाल. लहान मुलीची दिसते.

शिंपी : माणूस आणि कंपनी, दोघांत मिळून खुर्ची एकच.

बायको : आज दुसरी फळी टाकली त्यांनी खड्ड्यावर. तीही डुगडुगते.

शिंपी : आम्हाला गिऱ्हाईक दिसत नाही, गिऱ्हाइकाला आम्ही दिसत नाही.

बायको : अहो, कुणाशी बोलताय?

शिंपी : पाठ करतोय. मदत कार्यालयाच्या मॅडम पाहणीला येणार ना आज. परवा खिडकीवर हे सगळं सांगायचं राहूनच गेलं.

बायको : परवा काय म्हणाल्या त्या, ते तरी नीट सांगा. आलात ते थेट कापडाच्या गठ्ठ्यावर आडवे झालात.

शिंपी : मी म्हटलं, आमचा रस्ता गटारासाठी खणून ठेवलाय, पत्रे ठोकलेत, धंदा बसलाय. अशा रस्त्यावर स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्याला सरकार मदत देणार आहे, ती द्या. त्या म्हणाल्या, धंदा दोन वर्षं तरी चालू पाहिजे. म्हटलं, वीस वर्षं चालू आहे. त्यांनी संगणकात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, तुमचा धंदा तर गेल्या वर्षीच बंद झालाय.

बायको : तुम्हीच बंद केलात. शाळेच्या गणवेशाचं काम कंपनीलाच देतात म्हणून भाच्याच्या नादाने कंपनी काढलीत. काढलीत ते काढलीत, वर जुना धंदा कायमचा संपला असं सरकारला कळवून मोकळे झालात.

शिंपी : काम नीटनेटकं असावं माणसाचं.

बायको : दारावर चिठ्ठीही लावलीत. ‘येथील शिंपी कायमचे थांबले आहेत.’ शेजारचा चहावाला डोळे पुसत आला बिचारा. आणि तुम्ही आतून विचारताय, कंपनीकडे काय काम आहे?

शिंपी : मग मी म्हटलं, ठीक, कंपनीच्या नावाने द्या. तर म्हणे कंपनी एक वर्षाची आहे. म्हणजे माणूस जुना, पण बंद. कंपनी चालू, पण तान्ही.

बायको : महिनाअखेर भाडं दिलं नाही तर जागेचा मालक कुलूप लावणार. मग आहेच माझ्या भावाचा कारखाना.

शिंपी : तिथे दिवसभर नुसत्या कॉलरी जोडायच्या. शर्ट कुणाचा, तो कुठे घालून जाणार, काही कळत नाही.

बायको : पगार वेळेवर होतो.

शिंपी : आणि तुझा भाऊ चारचौघांत मला ‘आमचा माणूस’ म्हणणार.

बायको : म्हणू दे की. कुणाचे तरी व्हाल. सध्या तर सरकारला सापडतच नाही आहात.

(बाहेर पत्रा वाजतो. मग कापड फाटल्याचा आवाज.)

अधिकारी : मदत कार्यालयातून आलेय मी. तुमच्या कुंपणाला खिळा आहे.

शिंपी : खिळा सरकारी आहे, मॅडम. बाही गेली वाटतं. द्या, चार टाके घालतो.

अधिकारी : नको. पाहणीला आल्यावर आम्हाला फुकट काही घेता येत नाही.

बायको : मग पैसे द्या. कंपनी पावती देते.

अधिकारी : आधी पाहणी. हे मशीन कुणाचं?

शिंपी : कंपनीचं. मीच विकलं कंपनीला.

अधिकारी : कंपनीतर्फे घेतलं कुणी?

शिंपी : मीच. थोडी घासाघीस झाली.

बायको : दोन दिवस चालली होती. सकाळी हे म्हणायचे, एवढ्यात परवडत नाही. संध्याकाळी हेच म्हणायचे, फार महाग सांगताय.

अधिकारी : कंपनीत तुम्ही कोण?

शिंपी : संचालक.

अधिकारी : पगार घेता?

शिंपी : मालक कुठे पगार घेतो, मॅडम?

अधिकारी : तिथेच अडलंय. स्वतःच्या नावावर धंदा असता तर एक मदत होती. कंपनीचे पगारी नोकर असता तर दुसरी आहे, रस्ता उघडेपर्यंत त्यांचा पगार सरकार देतं. तुम्ही धड इकडेही नाही आणि तिकडेही नाही.

शिंपी : पण मी इथेच आहे. ही खुर्ची बघा. वीस वर्षं बसून बसून खळगा पडलाय तिला. तो काय कंपनीने पाडला? कंपनीची कधी पाठ दुखते का?

अधिकारी : मला समजतं हो. पण खळगा लिहायला रकाना नाही माझ्याकडे.

बायको : मॅडम, ती दुसरी मदत. नोकर कुणीही चालतो?

अधिकारी : नोंदलेला हवा, दरमहा पगार घेणारा. आहे कुणी?

बायको : मी.

शिंपी : ही? ही घरची आहे.

बायको : कंपनी काढताना भाच्याने विचारलं, शर्टांना काजं कोण पाडतं, बटणं कोण लावतं? म्हटलं, मी. आणि मला पगार लाव. हे हसले, म्हणाले, लाव बाबा. पहिल्या महिन्यापासून खात्यात येतोय.

शिंपी : मला वाटलं, गंमत चाललीय.

अधिकारी : तुम्हीही संचालक आहात का?

बायको : मी विचारलं होतं. हे म्हणाले, एवढ्याशा दुकानात एक संचालक पुष्कळ झाला.

अधिकारी : बरं झालं. तुमचं काम होतं मग. पहिला हप्ता महिनाअखेरच्या आत येईल. फक्त एक अट आहे. मदत चालू आहे तोवर नोकराने कामाला हात लावायचा नाही.

बायको : मुळीच?

अधिकारी : सुई उचललीत की मदत थांबली.

शिंपी : मग काजं कोण करणार?

अधिकारी : ते संचालकांनी बघायचं.

बायको : यांना येत नाहीत. एकदा केली होती. बटण आत जाईना, तर गिऱ्हाइकाला म्हणाले, हा शर्ट उघडाच घालतात.

अधिकारी : बाही तरी येते ना? शिवा. पावती मात्र द्या.

शिंपी : बसा. हात असा सरळ ठेवा. हलू नका... झालं. दिसतोय कुठे जोड?

अधिकारी : नाही दिसत. खरंच नाही. येते मी.

बायको : फळीवरून जपून जा.

शिंपी : गेल्या एकदाच्या. म्हणजे आता भाडं तू भरणार.

बायको : कंपनीला उसने देईन.

शिंपी : कंपनी आभारी आहे.

बायको : कंपनीचं राहू द्या.

शिंपी : मीही आहे.

बायको : हं. तो शर्ट घ्या. सुई अशी नाही धरायची. कडेने या, टाक्याला टाका चिकटून. ओढू नका, कापड गोळा होतंय.

शिंपी : हे सांगणं कामात धरत नाहीत का?

बायको : एवढं मी वीस वर्षं बिनपगारी करतेय.

शिंपी : तुझ्या भावाला काय सांगू? जागा अडवून बसला असेल माझ्यासाठी.

बायको : नाही बसला.

शिंपी : तुला काय माहीत?

बायको : पत्रे ठोकले त्याच दिवशी मी त्याला सांगून आले होते, हे येणार नाहीत म्हणून.