तनया काय शिकायला चालली आहे

आधी माझी तक्रार. अवधूत डेंटिस्ट्री शिकायला ब्रिस्टलला चालला, ते माइकवर सांगितलं. स्वराली इंजिनिअरिंगला चालली, तेही सांगितलं, टाळ्या पडल्या. माझ्या नातीची पाळी आली तेव्हा मात्र, ‘तनया उच्च शिक्षणासाठी लिव्हरपूलला जात आहे.’ झालं! कसलं उच्च शिक्षण? दरोडे घालायचं का?

असो. मंडळाचे अध्यक्ष शशिकांतराव, मिल्टन कीन्सहून एवढं ड्राइव्ह करून आलेल्या पाहुण्या मीनलताई, आणि समोर बसलेले सगळे लहानथोर, नमस्कार. युनिव्हर्सिटीला निघालेल्या मुलाबद्दल घरातल्या कोणीतरी दोन शब्द बोलायचे, ही बर्मिंगहॅमच्या आपल्या मंडळाची रीत. तनयाचा बाप, म्हणजे माझा मुलगा राजीव, बोलणार होता. तो मागे चहाच्या भांड्यापाशी भिंत बघत उभा आहे, म्हणून मी उठले. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा सजवलेलं काही मिळणार नाही.

तर विषय मी सांगते. आयर्लंड. तिथला इतिहास, भाषा, साहित्य आणि संगीत. मघाशी एकीने विचारलं, “म्हणजे डब्लिनला आयटीत का, आजी?” नाही गं बाई. दुसरी म्हणाली, “पण त्यात जॉब काय?” तुझा नवरा ऑफिसात नेमकं काय करतो हे मला अजून कळलेलं नाही. मी कधी विचारलं?

हे सगळं आलं शेजारच्या ब्रायडीकडून. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची बाई, नर्स म्हणून इकडे आली ती आलीच. कुंपणावरून ती मला बागेतल्या रुबार्बचे आंबट देठ द्यायची, मी तिला भजी द्यायची. तनया शाळेतून आली की तिच्याकडे. गाणी शिकली, मग गाण्यांतले शब्द, मग ती आयरिश भाषाच. एकदा घरी येऊन म्हणाली, “आजी, त्यांचा बटाटा सडला, माणसं मेली, आणि धान्य बोटीतून इकडे येत होतं.” दुष्काळात धान्य कुठे जातं, हे मला वेगळं समजावून सांगायला लागलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ब्रायडीला स्ट्रोक आला. इंग्रजी पार गेली, लहानपणची भाषा तेवढी उरली. हॉस्पिटलात ती पुन्हा पुन्हा एकच काहीतरी विचारायची. दोन्ही मुलगे पलंगाशी उभे, चांगले मोठमोठाले बाप्ये, पण आईची भाषा कधी शिकलेच नव्हते. “यस मम, यस मम,” एवढंच. तिचं काही समाधान होईना. तनयाने वाकून ऐकलं. म्हातारी विचारत होती, गायी आत घेतल्या का? पोरीने त्याच भाषेत सांगितलं, घेतल्या, सगळ्या आत आहेत. तेव्हा कुठे तिने डोळे मिटले. दोन दिवसांनी गेली.

मी रडले नाही. पण मला कळलं की ही पोर उगाच वेळ घालवत नाही.

राजीवला नाही कळलं. फार्मसीची सीट सोडली म्हणून ऑगस्टपासून तो लेकीशी बोलत नाही. ओरडला असता तर बरं, तेही नाही. पोर त्याला विचारते, उत्तर माझी सून नीना देते. परवा जेवताना तनया म्हणाली, “बाबा, संडेला मला सोडायला तू येतो?” नीना लगेच, “अगं, बाबांना कॉल आहे.” रविवारी कसला गं कॉल? याने ताटातली कोशिंबीर चिवडली, बस.

ब्रायडीच्या मुलांचं मी समजू शकते. त्यांना आईचं बोलणं कळतच नव्हतं. राजीव, तुला काय झालंय? ती तर तुझ्याशी मराठीत बोलते. इथे जन्मून, चुकत चुकत, पण मराठीत.

मंडळाने हॉल घेतला, पोरांना शाल-श्रीफळ दिलं, म्हातारीच्या हाती माइक दिला, सगळ्यांचे आभार. कोणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. माझं तोंड या वयात सुधारायचं नाही.

तनया, ऊठ. हा माइक धर आणि परवाचा प्रश्न पुन्हा विचार. नीना, तू बोलायचं नाहीस. शशिकांतराव, तुम्हीही मध्ये पडू नका. उत्तर राजीवने द्यायचं.